अंगठ्यापाशी तीळ

डावा हात. सपाट ठेव. बोटं थोडी विलग.
मनगटावर पेनाने काढलेलं घड्याळ
पुसू नकोस, ते माझ्या फोटोत येत नाही.

फोंड्याचं इस्पितळ, तळमजला, एक्स-रेची खोली.
बाहेर बाकड्यावर मुरगळलेले पाय, जुना खोकला,
माडावरून घसरलेला एक पाडेली.
आत साईश कुर्टीकर, दहा वर्षं चार महिने,
अठ्ठावन्न किलो, शर्टाचं खालचं बटण उघडं.
आई दारातूनच सांगते: लठ्ठ नाही हो तो,
आमच्यात हाडच मोठं.
वर्गात सगळ्यांत उंच आहे, बघा.
मी मान डोलावते. दिवसातून एकदा तरी ऐकते मी हे हाड.

खट्.
श्वास धरायला सांगितलं नव्हतं, तरी त्याने धरला.

पडद्यावर हात उगवतो.
मांस पुसट, शाई नाहीच.
मनगटात गोटे, झुवारीकाठी पोरांनी मांडून विसरलेले,
आणि पेरापेराशी काळी रेघ,
माणूस जिथून उंच होतो ती फट.
या वयात ती कशी ऐसपैस असते.
याची बारीक, निजायच्या आधी लोटलेल्या दारासारखी.
आणि अंगठ्याच्या मुळाशी,
जिथे अजून दोन-अडीच वर्षं काही असायला नको,
एक कण.
आमच्या शास्त्रात त्याचं नावच तिळावरून ठेवलंय.

मी जाड पुस्तक उघडते. पानोपानी डावे हात,
कुठल्याशा थंड गावातल्या मुलांचे,
आता ती म्हातारी असतील, किंवा नसतीलही.
दहाच्या पानावर याचा हात बसत नाही.
अकराच्याही नाही.
तेराच्या पानावर बसतो, मापाच्या चपलेसारखा.

खरं बोलली त्याची आई. हाड मोठं आहे.
त्याच्याहून पावणेतीन वर्षांनी मोठं.

सांगायचं काम माझं नाही, डॉक्टर सांगतील.
चरबी नुसती बसून राहत नाही, म्हणतील,
ती हाडांच्या कानाशी लागते: आटपा, आटपा.
मुलगा लवकर उंच होतो आणि लवकर थांबतो.
कधीकधी, असंही म्हणतील. सगळ्यांचं तसं होत नाही.
तो 'कधीकधी' आईला ऐकू यावा एवढ्या मोठ्याने म्हणावा त्यांनी.

बोरीच्या शाळेत चौथीच्या फोटोत
मी शेवटच्या रांगेत, बाईंच्या खांद्याला खांदा.
वरच्या खिळ्यावरचा नकाशा काढायला मी,
झेंड्याची दोरी अडकली की मी.
हिच्यासाठी मुलगा शिडी लावून शोधावा लागेल, म्हणायचे.
पाचवीच्या सहामाहीत पोटात दुखलं.
सातवीनंतर गणवेश शिवावा लागला नाही, आई खूश.
दहावीच्या फोटोत मी पहिल्या रांगेत, मांडी घालून,
शाळेच्या नावाची पाटी माझ्याच हातात.
कुणी पुढे ढकललं नव्हतं मला.
बाकीचे मागे वाढत गेले, एवढंच.
काही बिघडलं नाही तसं. हे यंत्र खाली ओढायला
पायाखाली स्टूल घेते, बस्स.
माझ्या हाताचा फोटो मात्र तेव्हा कुणी काढला नाही.

मोडलाय? साईश विचारतो.
नाही रे.
मग कशाला काढला?
तो पडद्यापाशी येतो, आपल्या बोटाने बरोबर तिथेच टेकतो:
बाय, हें कितें?

तीळ, मी म्हणते. जरा घाईने आलाय.

तो आपला हात फोटोतल्या हातावर ठेवून बघतो,
बोटावर बोट, अंगठ्यावर अंगठा.
वरून पाहिलं तर पेरांच्या जागी अजून खळ्या आहेत,
पाळण्यातल्या मुलाच्या असतात तशा, एकूण चार.
मनगटावरच्या घड्याळात दीड वाजलाय.
शाळा सुटायची वेळ ती, तो सांगतो. रोज तीच काढतो.

पाडेलीला आत बोलवते. कुठला पाय?